मोहप्याच्या वावरातली नवीन बोर, तेरा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

बोर झाली की त्याच रात्री पाच स्टार देणारे खूप आहेत, कारण पाणी उडताना पाहिलं की माणूस खूश होतोच. मी मुद्दाम थांबले. एक पावसाळा जाऊ दिला, एक उन्हाळा जाऊ दिला, कारण बोरचं खरं काय ते मे महिन्यातच समजतं. आता तेरा महिने झाले.

वावर आमचं मोहप्याच्या बाजूला, कळमेश्वर तालुक्यात, नागपूरहून चाळीसेक किलोमीटर. मी राहते नागपुरात, नोकरी इथली, पण बाबा गेल्यापासून शनिवार-रविवार वावरातच जातात, आई तर तिथेच असते. दोन एकर संत्रा, २२० झाडं, बाकीच्या दोन एकरात तूर-पऱ्हाटी. बाबांच्या वेळची विहीर आहे ३८ फुटांची, पाणी गोड, पण फेब्रुवारी संपला की तळ दिसायला लागतो आणि आंबिया बहाराची फळं तर तेव्हा बोराएवढी असतात, म्हणजे पाणी नेमकं लागतं तेव्हाच नाही. दोन उन्हाळे टँकर आणून झाडं जगवली. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको.

आधी २०२१ ची गोष्ट सांगते, कारण ती नसती तर मी यावेळी इतकं डोळ्यात तेल घालून पाहिलं नसतं. तेव्हा एका एजंटमार्फत बोर मारली होती, नाव घेत नाही. रेट सगळ्यात कमी होता म्हणून त्याला हो म्हटलं. सप्टेंबर महिना, जमीन पाण्यानं भरलेली, काकांनी पाणाड्या बोलावला, त्याच्या हातावरचा नारळ जिथे उभा राहिला तिथे गाडी लावली. मी नागपूरला, आई घरात, बोरजवळ काका एकटे. शंभरवर थोडं पाणी लागलं, मग एजंट म्हणे अजून जाऊ, खाली मोठा झरा आहे, मग अजून, मग अजून, असं करत ४६० फूट. शेवटी पाऊण इंच पाणी (हा इंच काय असतो ते पुढे सांगते) म्हणाले आणि गेले. डिसेंबरात बोर हवा फेकायला लागली. आम्ही मोटर बाहेर काढली, दोरीला लोखंडी पहार बांधून खाली सोडली, तर ३९५ फुटावर दोरी सैल पडली. आता ते ६५ फूट वरून ढासळलेल्या मातीनं भरले की मुळात मारलेच नव्हते, हे आज कोणी सांगू शकत नाही. केसिंग, म्हणजे वरची माती आत पडू नये म्हणून बोरच्या वरच्या भागात घालतात तो पाइप, मात्र नक्की कमी होतं, बिलात ६० फूट आणि पाइप आणले होते दोनच, वीस-वीस फुटांचे, हे काकांना नंतर आठवलं. सगळं मिळून सत्तर हजारांवर गेले. बाबांच्या आजारपणातून उरलेले पैसे होते ते.

म्हणून यावेळी गाडीवाल्याला फोन करायच्या आधी मी दोन महिने नुसती विचारत फिरले. विद्यापीठात जिऑलॉजी शिकलेला एक मुलगा ओळखीतून मिळाला, रेझिस्टिव्हिटीचं मशीन घेऊन सर्व्हे करतो, तीन हजार घेतले. त्यानं जे समजावलं ते मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला, म्हणजे कळमेश्वर, काटोल, नरखेड, हिंगणा, खाली काळा दगड आहे, लाव्हाचा, थरावर थर. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तीसुद्धा याच दगडाची. पूर्वेकडे गेलं की दगडच बदलतो, कामठीकडे वाळूचा दगड लागतो आणि त्याच्याही पलीकडे जुना ग्रॅनाइटसारखा दगड. त्यामुळे पूर्वेकडच्या मौद्याच्या पाहुण्यानं सांगितलेला फुटांचा हिशोब मोहप्यात कामाचा नाही. आपल्या काळ्या दगडात पाणी दगडाच्या पोटात नसतं, वरच्या मुरुमात असतं, भेगांत असतं, आणि एक लाव्हाचा थर संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यात असतं. सांधा संपून खाली सलग टणक दगड लागला की पुढे नुसतं भोक पडत जातं. आणि काटोल-नरखेड-वरुड हा सगळा संत्र्याचा पट्टा, तिथे एकानं दोनशे मारली की शेजाऱ्यानं चारशे, असं करत करत सगळ्यांचंच पाणी खाली नेलंय, हे त्यानं फार कळकळीनं सांगितलं.

कायद्याचंही त्यानंच सांगितलं. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा आहे, त्यात ६० मीटरपेक्षा खोल असेल तिला खोल विहीर धरतात आणि त्यावर बंधनं आहेत. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर ५०० मीटरच्या आत असेल तर तिथे नवी बोर नको. आमची नळयोजनेची विहीर नाल्यापलीकडे आहे, मोबाइलच्या नकाशावर मोजलं तर नऊशेच्या वर अंतर भरलं, तेव्हा कुठे जीव शांत झाला. २०२१ मध्ये ४६० फूट मारताना यातलं एक अक्षर आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

सर्व्हेच्या दिवशी काकांनी पाणाड्यालाही बोलावलं. मी आडवी आले नाही, काकांचं वय आणि त्यांचा विश्वास. दोघांच्या जागा साठ-सत्तर फुटांनी वेगळ्या निघाल्या. मशीनवाल्यानं चार खुंट्या जमिनीत ठोकून वायर लांब लांब नेत आकडे घेतले, कमी आकडा म्हणजे मऊ किंवा ओलं, जास्त म्हणजे टणक. पण ओल्या चिकणमातीलाही आकडा कमीच येतो, म्हणून नुसता कमी आकडा पाहून नाचायचं नाही हे त्यानं स्वतःच सांगितलं. त्याचा अंदाज होता, ११० ते १२५ फुटांमध्ये एक थर बदलतो, तिथे चान्स. काकांनी दोन्ही जागांवर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, बाई, पैसे तुये आहेत, तू ठरव. मी मशीनची जागा ठरवली.

आता गाडी. चार जणांना फोन केले. तिघांनी पहिल्या वाक्यात रेट सांगितला आणि दुसऱ्या वाक्यात गॅरंटी, "ताई दोन इंच पाणी पक्कं". न पाहिलेल्या वावरातलं पाणी पक्कं कसं? चौथ्या ठिकाणी काटोल रोडला छोटं ऑफिस आहे त्यांचं, तिथला माणूस म्हणाला, "पाण्याची गॅरंटी आम्ही देत नाही, फुटाची देतो." त्यांचा रेट ९५ रुपये फूट, बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा रुपयांनी जास्तच. केसिंग सात इंची पीव्हीसी, ३८० रुपये फूट, जेवढं जमिनीत जाईल तेवढंच बिल. रॉड, म्हणजे बोर मारताना एकामागून एक खाली जाणारे लोखंडी दांडे, तुम्ही मोजायचे म्हणाला, आमचा मोजलेला धरू नका. मी पाच हजार अ‍ॅडव्हान्स तिथेच दिला. त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

तारीख ठरली १९ मे. वेळ ठरली सकाळी सातची आणि गाडी आली रात्री नऊला. चौदा तास. मी सुट्टी घेतलेली, आईनं सकाळी चार जणांचा स्वयंपाक करून ठेवलेला, तो आम्ही आणि शेजाऱ्यांनी खाल्ला, उन्हात बसून बसून डोकं दुखायला लागलं, दर तासाला फोन केला की "बस निकल रहे है". आधीच्या गावात बोर लांबली हे मला समजतं, पण दुपारी दोनला एक फोन करून "रात्र होईल" म्हणाले असते तर काय गेलं असतं! ही माझी पहिली तक्रार आणि ती अजूनही आहे.

दोन गाड्या असतात, एकीवर रिग, दुसरीवर कंप्रेसर आणि रॉड. रिग तिरुचेंगोडची, तिकडे तमिळनाडूत हे गाड्या बांधायचं मोठं केंद्र आहे, देशभर बोरच्या गाड्या तिकडून येतात. ऑपरेटरही तिकडचाच, पन्नाशीचा, हिंदी तुटक तुटक, पोरं छत्तीसगडची. ऑपरेटर आल्या आल्या पाणी प्यायला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, रॉड बीस फीट. आप नापो पहले." स्वतः टेप काढून दिला. मी मोजला, २० फूट बरोबर. आईनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ खाट टाकली, हातात खडू घेतला आणि ट्रॉलीच्या फळीवर एकेक रॉड खाली गेला की एक रेघ मारायला बसली. माझ्या आईची शाळा चौथीपर्यंत झाली आहे पण त्या रात्री तिनं ठेवला तसा हिशोब कोणत्या इंजिनिअरनं ठेवला नसता.

बोर कशी चालते ते ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रॉडच्या टोकाला हॅमर असतो आणि हॅमरच्या तोंडाला बिट, त्यावर लोखंडाहून कडक बटणं. कंप्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर धडधडधड ठोकतो, दगडाचा चुरा होतो आणि तीच हवा तो चुरा वर फेकते. आवाज इतका की बोलायचं असेल तर कानाजवळ तोंड न्यावं लागतं. आणि सगळी माहिती असते ती त्या चुऱ्यात. ऑपरेटरनं एका पोराला सांगून प्रत्येक रॉडचा चुरा गोणपाटावर ओळीनं मांडायला लावला, छोट्या छोट्या ढिगाऱ्या. मी मागितलं नव्हतं. पहिली ढिगारी काळी माती, दुसरी पिवळट मुरूम, तिसरीत मुरूम आणि करडी खडी मिसळलेली. ४३ फुटावर आवाज बदलला, ठोका एकदम कोरडा, खणखणीत यायला लागला. त्यानं गाडी थांबवली. "पत्थर आया. तीन फीट और, फिर केसिंग." म्हणजे टणक दगडात तीन फूट घुसून केसिंग बसवायचं, म्हणजे वरची माती आत येणार नाही. २०२१ मध्ये नेमकं हेच झालं नव्हतं. ४६ फूट जमिनीत आणि दोन फूट वर, असं ४८ फूट केसिंग लागलं, तिसरा पाइप माझ्यासमोर करवतीनं कापला आणि उरलेला तुकडा गाडीवर परत टाकला, बिलात लावला नाही. मग बिट बदलून साडेसहा इंची लावला आणि पुढचं सुरू.

७० फुटाच्या आसपास धूळ उडायची थांबली, चुरा दमट यायला लागला, हातात घेतला तर लाडू वळेल असा. काका उठून उभे राहिले. ऑपरेटर म्हणाला, नुसती ओल आहे. पुन्हा कोरडं. काळंकरडं पीठ, रॉडमागून रॉड. पाचव्या रेघेनंतर आई काही बोलेना. मला २०२१ दिसायला लागलं.

११२ फुटावर चुऱ्याचा रंग फिरला. चॉकलेटी-लाल, गेरूसारखा. मशीनवाल्या मुलानं सांगितलं होतं, दोन थरांच्या मध्ये अशी लाल माती सापडते, वरच्या लाव्हाच्या उष्णतेनं भाजलेली जुनी जमीन. ती चार-पाच फूटच होती. ती संपली, हिरवट चुरा आला, त्यात पांढरे स्फटिक चमकत होते टॉर्चच्या उजेडात, साखरेच्या खड्यांसारखे, आणि तेवढ्यात कंप्रेसरचा आवाज घोगरा झाला, बोरच्या तोंडातून चिखलाचा फवारा निघाला आणि मागून पाणी. धो धो नाही, पण पाणी. आईनं खडू खाली ठेवला आणि हात जोडले. मी तिथेच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले. रात्रीचे पावणेबारा झाले होते. काकांनी नारळ आणला होता तो फोडला, पहिला तुकडा ऑपरेटरला दिला.

इथून पुढे जे झालं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. पाणी लागल्यावर माणसाला हाव सुटते. मला सुटली. मी म्हटलं, भाऊ, अजून जाऊ, खाली अजून असेल. त्याला काय, फुटामागे ९५ रुपये, तीनशे-चारशे केले असते तर त्याचंच बिल वाढलं असतं, आणि मी स्वतः सांगत होते. तो १६८ पर्यंत गेला, तिथे थोडी भर पडली, मग पुन्हा काळा सलग दगड. १८० ला त्यानं हॅमर थांबवला, खाली उतरला आणि मला ढिगाऱ्यांजवळ घेऊन गेला. शेवटच्या ढिगारीतलं पीठ बोटानं चोळून दाखवलं, एकसारखं काळं, एक स्फटिक नाही, एक लाल कण नाही. "मॅडम, ये लंबा पत्थर है. नीचे पैसा जाएगा, पानी नहीं आएगा. दस फीट और मारता हूँ, कचरा बैठने के लिए. बस." आणि मला आठवलं १९७ फूट. नऊ रॉड पूर्ण आणि दहावा अर्धा. १९० ला बंद. आईच्या फळीवर नऊ रेघा आणि एक अर्धी, तिनं अर्धी रेघ अर्धीच मारली होती.

मग फ्लशिंग, म्हणजे हवा मारून बोर धुणं. रेट ठरवताना अर्धा तास फ्री असं ठरलं होतं, त्यानं दीड तास हवा मारली, कारण ती मधली लाल माती धुऊन निघाली पाहिजे आणि ती भिंत उभी राहते की ढासळते ते पाहायचं होतं. ढासळली असती तर आतून पाच इंची जाळीचा पाइप पूर्ण सोडावा लागला असता, तो खर्च वेगळा. पाणी लालचं गढूळ झालं, गढूळचं पांढरट आणि शेवटी स्वच्छ. आतला पाइप लागला नाही, आणि त्यानं तो खपवायचा प्रयत्नही केला नाही.

पाणी किती, हे आपल्याकडे "इंचात" सांगतात आणि तिथेच फसवणूक होते, म्हणून नीट वाचा. मातीचा पाट करून त्यात पत्रा आडवा लावतात, पत्र्याला काटकोनाची खाच असते, त्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची म्हणजे तो इंच. एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, पण दोन इंच म्हणजे हजार नाही, जवळजवळ २,९०० लिटर. तीन इंच तर आठ हजाराला टेकतं. म्हणजे पाऊण इंचाला कोणी "एक धरा" म्हणालं तर पाणी दुप्पट लिहून घेतो तो. आणि सुरुवातीला बोरमध्ये साठलेलं पाणी बाहेर येतं, ते पाहून मोजायचं नाही, अर्धा-पाऊण तास हवा चालू ठेवून धार एकसारखी झाली की मोजायचं. आमचं दोन इंच भरलं. माझा विश्वास बसेना, म्हणून पाट एका बाजूनं पाइपात घेऊन २० लिटरची बादली लावली आणि मोबाइलवर सेकंद मोजले. तीनदा. २५ सेकंद, २५, २६. बरोबर बसतो हिशोब. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आठवडाभर आधीचं पाणी आहे हे, सप्टेंबरातलं नाही. बोर मारायची असेल तर एप्रिल-मेमध्येच मारा, पावसाळ्यानंतरचं पाणी पाहून कोणीही खूश होतं.

बिल झालं ३६,७९०. १९० फुटांचे १८,०५०, केसिंगचे १८,२४०, लोखंडी झाकणाचे ५००. आधी कच्च्या कागदावर लिहून दिलं, पक्कं जीएसटी बिल मागितलं तर ऑफिसला या म्हणाले, दोन चकरा झाल्या. ही दुसरी तक्रार.

तिसरी सगळ्यात मोठी. चुऱ्याचं पाणी कुठे सोडायचं याचा विचार गाडी लावताना झाला नाही. उतार बागेकडे होता आणि रात्रीच्या अंधारात तो दगडाच्या पिठाचा राडा सरळ चार झाडांच्या आळ्यात गेला. सकाळी पाहिलं तर सिमेंटसारखा थर बसायला लागलेला. असा थर बसला की मुळांना हवा मिळत नाही, आणि संत्र्याच्या खोडाला ओलं लागून राहिलं की डिंक्या रोग येतो, बागवाल्यांना माहीत आहे. मी आणि आईनं दोन दिवस फावड्यानं, हातानं तो थर काढला. तीन झाडं वाचली, एक गेलं. बाबांनी लावलेलं, अठरा वर्षांचं. गाडी निघायच्या आधी मी ऑपरेटरला दाखवलं तर तो खरंच ओशाळला, मालकानं बिलातून कमी करतो म्हटलं पण मी घेतलं नाही, झाडाचे पैसे काय घ्यायचे. तुम्ही बोलावलंत तर गाडी यायच्या आधी बोरच्या उताराच्या बाजूला एक खड्डा खोदून ठेवा आणि पाट तिकडेच वळवा, त्यांच्या भरवशावर राहू नका. ड्रिपची एक लॅटरलही चाकाखाली फाटली, ते किरकोळ.

आणि एक गोष्ट जिच्यासाठी मी या लोकांना कधी विसरणार नाही. सकाळी सामान आवरताना त्यातल्या एका छत्तीसगडच्या पोरानं जुनी बोर पाहिली, २०२१ ची. तिच्या तोंडावर आम्ही गोणपाट आणि वर एक दगड ठेवला होता. दोन वर्षं. तो पोरगा तिथेच उभा राहिला आणि मला म्हणाला, "दीदी, ये खुला क्यों छोड़ा? बच्चा गिर जाएगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. संत्रा तोडायला येतात त्या बायांची लेकरं तिथेच खेळतात. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलेलं आहे, केसिंगला झाकण पाहिजे, भोवती सिमेंटचा ओटा पाहिजे आणि सोडून दिलेली बोर तळापासून वरपर्यंत भरून टाकली पाहिजे. मला हे वाचून माहीत होतं, आणि तरी गोणपाट. त्यांनी गाडीतून वेल्डिंग काढून जुन्या केसिंगवर पत्रा डकवून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्याच आठवड्यात मी दोन ट्रॉल्या दगड-मुरूम टाकून ती वरपर्यंत भरून घेतली. नवीन बोरभोवती दीड-दीड फुटाचा ओटा बांधला, झाकणाला बोल्ट.

मोटरच्या दुकानात परत तेच. दुकानदार म्हणे पाच एचपी घ्या, पाणी जोरात येईल. अहो, बोर तासाला २,९०० लिटर देते, पाच एचपीची मोटर ते दहा मिनिटांत ओढून कोरडी चालेल आणि जळेल. दीड एचपी घेतली, १६० फुटावर टांगली, तळाला नाही, कारण तळाला गाळ. सोबत ड्राय रनचं पॅनल, पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं. आठवड्यानं चार तास सलग चालवून पाहिली, पाणी आधी ५८ फुटावर उभं होतं, ते १०४ पर्यंत उतरलं आणि तिथे थांबलं, म्हणजे मुख्य झऱ्याच्या वरच. बंद केल्यावर तीन तासांत परत जागेवर. हे मोजायला दोरी आणि धीर लागतो, बाकी काही नाही. पाणी प्यायचं म्हणून लॅबमध्येही दिलं, फ्लोराइड एकच्या आत, नायट्रेट २८, मर्यादा ४५ ची आहे. थोडं जड पाणी आहे, डाळ शिजायला वेळ घेते असं आईचं म्हणणं.

बागेचा हिशोब असा बसला. उन्हाळ्यात एका मोठ्या झाडाला ड्रिपनं दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर, २२० झाडांचे झाले पंचवीस हजार. थ्री फेज मिळते आठ तास, त्यात येतात तेवीस. म्हणून बागेचे दोन भाग केले, एकेका भागाला दिवसाआड पण जास्त पाणी, आणि खाली पाचट-गवताचं आच्छादन. टँकर एकही आणला नाही यंदा. विहिरीच्या बाजूला पावसाचं पाणी गाळून मुरवायचा खड्डाही केला, शेजाऱ्याच्या विहिरीलाही त्याचा फायदा व्हावा अशी इच्छा आहे, कारण खालचं पाणी काही माझ्या धुऱ्यापाशी थांबत नाही.

गाडीवाल्यांना पाचपैकी चार. उशीर, राडा आणि कच्चं बिल यांचा मिळून एक कापला. थांबायच्या जागी थांबले त्यासाठी वेगळे स्टार असते तर दिले असते.

या २० मेला मी परत बादली लावली. स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून आई खडूनं लिहून ठेवते, तारीख आणि सेकंद. गेल्या वर्षीचा आकडा २५, त्याखाली दिवाळीतला २३, त्याखाली आता तिनं लिहिलंय २८.